तारवाला, बिनतारी आणि आप्पा

शेवटी तारवालाच स्कॅनर घेतला. एकमताने, हसतखेळत घेतला आणि त्यानंतर घरात कुणाच्याही पोटात दुखलं नाही.

बाकी त्या दिवशी काही झालंच नाही असं समजून पुढे जाऊ. घरातलेही तसंच समजतात. त्या दिवसाचा विषय निघाला की थोरली सून उगाच कांदा चिरायला घेते, धाकटी फोनमध्ये डोकं घालते आणि दोघे भाऊ एकाच वेळी दुकानाच्या छताकडे बघतात, जणू तिथे गळती आहे. तेव्हा आपणही छताकडे बघतच सुरुवात करू.

आठवड्याच्या सुट्टीची सकाळ होती. दुकानाचं शटर अर्धं वर होतं, म्हणजे दुकान बंद आहे हे लोकांना दिसावं आणि आत काहीतरी चाललंय हेही दिसावं. डावीकडे थोरल्याचं काउंटर, तिथे बटणं आणि चेन. उजवीकडे धाकट्याचं, तिथे दोरे आणि लेस. त्याच्याच टोकाला धाकटीचा कंप्युटर. आणि मधे, दोन पायऱ्यांच्या चौथऱ्यावर, गल्ला. गल्ल्यावर आप्पा.

आप्पांच्या गुडघ्यांनी हिवाळ्यातच राजीनामा दिला होता. आप्पांनी दिला नव्हता. डॉक्टरांनी पायऱ्या चढायला मनाई केल्यापासून ते सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन चढून बसत, आणि कुणी विचारलं तर ‘मी उतरलोच नव्हतो’ म्हणत.

आप्पांनंतर गल्ल्यावर कोण बसणार, हा प्रश्न घरात कुणी विचारत नसे. त्याऐवजी कोणता स्कॅनर घ्यायचा हा प्रश्न विचारला जात होता. बिलाचं यंत्र ज्याच्या हाताशी, गल्ला त्याचा, एवढं प्रत्येकाला कळत होतं. म्हणूनच सगळे वॉरंटीबद्दल बोलत होते.

“हा पहिला,” स्कॅनर दाखवायला आलेल्या यंत्रवाल्याने पिशवीतून पिस्तुलासारखं काहीतरी काढलं. “तारवाला. चार्जिंगची भानगड नाही. तार कंप्युटरला लावायची, लेबलावर धरायचा, दाबायचा. टीप!”

“टीप म्हणजे?” थोरलीने विचारलं.

“म्हणजे वाचलं, काकू.”

थोरलीने ‘काकू’ ऐकलं आणि गिळलं.

“हा दुसरा, बिनतारी. दुकानभर कुठेही फिरवा. फोनच्या काचेवरचा चौकोनी कोडसुद्धा वाचतो. मॅडमना हाच आवडेल.” तो धाकटीकडे बघून हसला.

“मॅडमना काय आवडतं ते बरं माहीत तुम्हाला,” धाकटा म्हणाला.

“फोनवर बोलणं झालं होतं ना आमचं.”

“किती वेळा?”

“अरे, दोनदा,” धाकटी म्हणाली. “त्यातून एकदा ह्यांनी उचललाच नाही.”

“का नाही उचलला?” धाकट्याने यंत्रवाल्याला विचारलं. आता त्याला याचाही राग आला होता.

यंत्रवाल्याने घाईने तिसरं काढलं. “आणि हा टेबलावरचा. हातात धरायचाच नाही. नुसता उभा राहतो. आपण माल समोर धरला की बघतो.”

“नुसता उभा राहतो आणि बघतो,” थोरली म्हणाली. “असे दोन आहेत आमच्याकडे.”

दोघे भाऊ नुसते उभे राहून तिच्याकडे बघत राहिले.

थोरलीच्या मनात मात्र अजून तो ‘काकू’च घोळत होता. जावेत आणि तिच्यात वयाचं अंतर ते किती! पण एक मॅडम झाली आणि एक काकू. का, तर एकीला कंप्युटर येतो. घरात कुणीतरी कंप्युटर शिकायचं ठरलं तेव्हा थोरलीचीच दोन मुलं गोवराने आजारी होती, आणि आजारी मुलांच्या उशाशी बसून कुणी मॅडम होत नाही. शिवाय धाकटी नवऱ्याला ‘अरे’ म्हणते. थोरलीने एकदा एकटी असताना आरशासमोर ‘अरे’ म्हणून बघितलं होतं. तेवढ्यात थोरला आत आला आणि म्हणाला, “कुणाशी बोलतेस?” तिथेच ते संपलं.

“उभाच घ्या,” थोरला म्हणाला. “गल्ल्यावर ठेवू. माल त्याच्यापाशी यावा. यंत्राने मालापाशी जाणं शोभत नाही.”

“दादा, मी दिवसभर शिडीवर असतो,” धाकटा म्हणाला. “वरच्या लेसच्या खोक्यांना काय एकेक करून मुलाखतीला खाली आणू? बिनतारीच घेऊ.”

“म्हणजे तो कायम तुझ्याच खिशात.”

“आणि उभा कायम तुझ्याच पुढ्यात.”

“माझ्या कुठे? गल्ल्यावर म्हटलं मी.”

यावर सगळ्यांनी वर बघितलं, कारण गल्ल्यावर अजून आप्पा होते आणि त्यांचे डोळे मिटलेले असले तरी कान मिटत नसत.

इथे या दुकानाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढची फजिती नुसती फजिती वाटेल. काउंटरवरचा माणूस माल हातात घेऊन पुकारायचा, “शिंपल्याची, चार भोकी, दोन डझन!” गल्ल्यावरून आप्पा तेच पुन्हा म्हणायचे आणि शेवटी भाव जोडायचे. आप्पांचा आवाज आला की माल पिशवीत. भाव खोक्यावर छापलेला असला तरी तो आप्पांनी म्हणेपर्यंत नुसती शाई होता. एकदा त्यांचा घसा बसला तेव्हा दुकान बंद ठेवलं होतं. माल होता, गिऱ्हाईक होतं, पण भाव नव्हता.

थोरल्याची या बाबतीत जुनी तक्रार होती. आप्पा धाकट्याचा पुकारा खणखणीत परतवतात आणि त्याचा मात्र पुटपुटल्यासारखा. आप्पांचा डावा कान कमी ऐकतो, हे डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं. त्यावर थोरला म्हणाला होता, “मला तोंडाबद्दल विचारायचंय.”

“आधी वाचतो का ते तर बघा,” यंत्रवाला म्हणाला.

थोरल्याने धाकट्याच्या काउंटरवरचं एक रीळ उचलून उभ्या स्कॅनरसमोर धरलं. काही झालं नाही. त्याने ते जवळ नेलं, लांब नेलं, डोक्यावर धरलं. स्कॅनर बघत राहिला.

“बिघडलेला आहे,” धाकटा आनंदाने म्हणाला.

“यंत्र ठीक आहे,” यंत्रवाला म्हणाला. “लेबल आडवं गुंडाळलंय. रीळ गोल असतं ना, अर्ध्या रेघा पलीकडे जातात. लेबल रिळाच्या उंचीवर उभं लावायचं असतं. ही कुणी लावली?”

सगळ्या रिळांना लेबलं धाकटीने लावली होती. गेले कित्येक आठवडे, रोज दुपारी, ‘ताई, मला जेवायला बोलावू नका, मी कामात आहे’ असं म्हणत.

“काय सुरेख पट्टा बांधलाय गं एकेकाच्या पोटावर,” थोरली म्हणाली. “सुटायचे नाहीत बापडे.”

धाकटा फुस्सकन हसला. हसायला नको होतं. धाकटीने त्याच्याकडे असं बघितलं की तो लगेच खोकलाही, पण उशीर झाला होता.

“मग उभाच घ्या,” ती म्हणाली. “दादांचं बरोबर आहे.”

थोरला दचकला. धाकट्या भावजयीशी तो थेट बोलत नसे. काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगे. आता भिंतीने त्याचं बरोबर आहे म्हटल्यासारखं झालं.

“फक्त तो कंप्युटरच्या शेजारी उभा राहील,” धाकटी म्हणाली. “म्हणजे माझ्या टेबलावर.”

“बिनतारी घ्या!” थोरली ताडकन म्हणाली.

“अगं, आपलं उभ्याचं ठरलं होतं,” थोरला म्हणाला.

“तुमचं ठरलं होतं. भाऊजींचं खरं आहे. ते शिडीवर असतात. पडले बिडले तर?”

“वहिनी, तुम्हीच एक समजून घेता,” धाकटा म्हणाला. त्याच्या बायकोने हे नीट लक्षात ठेवलं.

“आणि हा रात्री झोपतो कुठे?” थोरलीने यंत्रवाल्याला विचारलं.

“याचं बैठकीचं स्टँड असतं, काकू. त्यात ठेवला की चार्ज होतो.”

“ते आमच्या बाजूला ठेवा. रात्री आमच्याकडे, दिवसा भाऊजींकडे.”

“हे काय, मूल आहे का वाटून घ्यायला?” धाकटी म्हणाली.

“तुझ्याकडे ठेवलं तर पट्टा बांधशील.”

यंत्र रात्री वहिनींकडे जाणार म्हटल्यावर धाकट्याने लगेच बिनतारीवरचा हक्क सोडला आणि तो तारवाल्याकडे वळला. थोरल्याने बायकोकडे पाठ फिरवली, तर समोर भावजय आली, म्हणून त्याने भिंतीकडे तोंड केलं. अशा रीतीने तीन यंत्रांवर चार माणसं, आणि एकही नवरा आपल्या बायकोच्या बाजूला नाही, अशी स्थिती झाली. यंत्रवाल्याने घाम पुसला. त्याला वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम आहे.

तेवढ्यात शटरखालून वाकून एक बाई आत आली. समोरच्या गल्लीत शिवणकाम करणारी.

“बंद आहे,” थोरला म्हणाला.

“दिसतंय. पांढरा दोरा द्या. मळकट गुलाबी पण द्या, सोनेरी लेस, चेन, अन् बटणं. घाई आहे, नवरीचं आहे.”

“वा!” यंत्रवाला म्हणाला. “खरीच चाचणी होऊन जाऊ दे. बिनतारी शिडीवाल्यांनी धरावा, उभा मोठ्यांकडे राहू दे. आणि हा तारवाला...” त्याला कुठे ठेवावा कळेना. त्याने तो गल्ल्यावर, आप्पांच्या मांडीशेजारी ठेवला. आप्पांनी मांडी आवरून घेतली.

धाकट्याने रिळावरचं एक लेबल सोलून उभं चिकटवलं आणि सवयीने पुकारलं, “पांढरा दोरा, एक रीळ!”

आप्पांनी तोंड उघडलं.

टीप.

आणि धाकट्याने रीळ पिशवीत टाकलं.

आप्पांचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्यात एक पांढरा दोरा आणि त्याचा भाव होता. तो आता कुणालाच नको होता. त्यांनी आधी धाकट्याकडे बघितलं. मग त्याच्या हातातल्या त्या काळ्या वस्तूकडे. वय काय त्याचं, अजून पेटीचा वास गेला नव्हता. आणि त्या टीपमध्ये होतं काय? रंग नाही, नग नाही, भाव नाही. आप्पांनी आयुष्यात पुष्कळांचा हेवा केला होता, समोरच्या दुकानदाराचा, पोहता येणाऱ्यांचा, एका मेहुण्याच्या केसांचा. पण इतक्या अडाणी आवाजाचा हेवा करायची वेळ पहिल्यांदाच आली होती. त्यांनी तोंड मिटलं.

“मळकट गुलाबी, एक रीळ!” धाकट्याने पुकारलं आणि लेबल सोलायला नख लावलं.

“टीप,” आप्पा म्हणाले.

अगदी कोरडेपणाने म्हणाले. यंत्राची नक्कल म्हणून ती सुमारच होती. लहान मुलालाही कळलं असतं की बोलले ते आप्पा. धाकट्यालाही कळलं. पण आप्पा बोलले म्हणजे झालं, हे त्याच्या कानाला नाही, हाताला माहीत होतं. हाताने रीळ पिशवीत टाकलं.

“लेस, सोनेरी काठाची, चार मीटर!”

“टीप.”

पिशवीत.

थोरला हे डावीकडून बघत होता. त्याला फक्त एवढंच दिसत होतं की आप्पा धाकट्यासाठी टीप करतायत आणि तेही खणखणीत. तो धाकट्यापेक्षा वरच्या पट्टीत ओरडला, “चेन, वीतभर, डझन!”

“टीप,” आप्पा पुटपुटले.

थोरल्याचा चेहरा पडला, पण हाताने डझनभर चेन पिशवीत टाकल्याच. मग त्याने ईर्षेने बटणं पुकारली. शिंपल्याची, लाकडी, कोटाची, त्या बाईने न मागितलेली हुकं, तीही. यंत्रवाला काहीतरी सांगायला बोट वर करत होता, पण या घरात बोट वर केलेल्या माणसाला कुणी बोलू देत नाही.

बाईने पडद्यावर जेवढं दिसलं तेवढं दिलं, फुगलेली पिशवी उचलली आणि वाकून बाहेर पडता पडता म्हणाली, “घ्याच हो हे यंत्र. फार छान आहे.”

“बिलात,” यंत्रवाल्याला अखेर संधी मिळाली, “फक्त एक रीळ पांढरा दोरा आहे.”

सगळ्यांनी गल्ल्याकडे बघितलं.

“आप्पा, तुम्ही कशाला टीप केलंत?” धाकटा म्हणाला.

“तुम्हाला चालतं ना हल्ली तेवढं? मला वाटलं, नवीन रीत आहे.”

“अहो, पण ते यंत्राने करायचं होतं!”

“त्याला कष्ट कशाला?”

“ते जाऊ दे,” थोरला मधेच म्हणाला. “त्याच्यासाठी मोठ्याने टीप आणि माझ्यासाठी हळू, हे काय?”

“दादा, अर्धं दुकान त्या बाईच्या पिशवीतून गेलं आणि तू आवाज मोजतोयस!”

“तुला मोजावा लागत नाही ना!” थोरल्याचा आवाज एकदम फाटला. “तुला कधी वाट बघावी लागली? मी बटणं विकत म्हातारा झालो. अजून इथेच उभा, डाव्या अंगाला. आप्पा, पुरे झालं. उतरा आता खाली.”

हे वाक्य घरातल्या प्रत्येकाच्या मनात हिवाळ्यापासून होतं. तरीही ते बाहेर आल्यावर सगळ्यांना थोरल्याचाच राग आला.

आप्पांनी काही वाद घातला नाही. गल्ल्याच्या कडेला हात टेकला आणि एक पाय पायरीवर सोडला. गुडघा कटकन वाजला. खाली बघताना त्यांना दोन्ही मुलं एकाच वेळी अर्धं पाऊल पुढे आलेली दिसली, आणि दोघंही थांबलेली. आधार द्यायला आले होते की बसायला, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

थोरलीने ते पाऊल बघितलं. नवरा तिथे बसलेला तिने किती वेळा मनात बघितला होता! पण पायरीजवळ भाऊजी जास्त जवळ होते, वीतभराने. आणि भाऊजी बसले की शेजारी कंप्युटर, कंप्युटरवर मॅडम. तेही तिला दिसलं.

धाकटीनेही तेच बघितलं, उलट्या बाजूने. दादा मोठे आहेत, शेवटी मोठ्यालाच मिळणार. मग ताई त्याच गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसतील आणि रिळांचे पट्टे मोजतील. जन्मभर.

दोघी जावांची नजरानजर झाली. इतक्या वर्षांत इतकी समजूतदार नजर त्यांनी एकमेकींकडे टाकली नव्हती.

“आप्पांनी का म्हणून उतरायचं?” थोरली म्हणाली.

“मी तेच म्हणणार होते,” धाकटी म्हणाली.

“म्हणणार होतीस. म्हटलं मी.”

“तारवालाच घेऊ. कंप्युटर गल्ल्याखाली सरकवते मी. तार आप्पांच्या हातापर्यंत पुरेल.”

“आणि त्यापुढे कुणाच्याच हातापर्यंत पुरणार नाही,” थोरली म्हणाली. “बांधून टाका ती चौथऱ्याला.”

“ताई, गाठ मी मारते.”

“मी मारते. तुझी सुटते.”

दोघा भावांनी हिशोब केला. आपल्याला नाही. पण त्यालाही नाही. दोघांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी असं समाधान पसरलं की यंत्रवाल्याला ते खरंच भाऊ वाटले.

“बरोबर आहे,” थोरला भिंतीला म्हणाला.

“आप्पा, पाय वर घ्या,” धाकटा म्हणाला.

आप्पा एक पाय पायरीवर सोडून तसेच बसले होते. हे प्रेम नव्हे, हे त्यांना कळत होतं. पण प्रेमाने गल्ला मिळाल्याचं त्यांनी कुठे ऐकलं नव्हतं. त्यांना स्वतःला तो मिळाला होता, कारण दोन्ही मोठ्या भावांना एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं आणि आप्पांच्या तोंडाकडे कुणी बघितलंच नव्हतं. त्या दिवशीही सगळ्यांच्या चेहऱ्यावर असंच समाधान होतं. त्यांनी पाय वर घेतला. दुखला. पण वर आला.

यंत्रवाल्याने तार जोडली, थोरलीने गाठ मारली, धाकटीने ती ओढून बघितली. आप्पांच्या हातात पिस्तूल आलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं, नळीत डोकावले, यंत्रवाल्याने घाईने ते त्यांच्या डोळ्यांसमोरून बाजूला केलं.

“दाबा, आप्पा.”

धाकट्याने दुसऱ्या एका रिळाचं लेबल उभं लावून दिलं. “निळा दोरा, एक रीळ!”

“निळा दो—”

टीप.

आप्पा थांबले. पुन्हा धरलं. “निळा—”

टीप.

त्यांनी न दाबता सगळं वाक्य भावासकट म्हणून घेतलं आणि मग दाबलं. तेव्हा पडद्यावर तोच भाव उमटला, पण आता जणू यंत्र त्यांची चूक तपासत होतं. हे तर फारच अपमानाचं होतं.

“मला द्या बघू,” थोरला हात पुढे करत म्हणाला.

“हात लावायचा नाही,” आप्पा म्हणाले आणि पिस्तूल छातीशी धरलं. “माझं आहे.”

मग त्यांनी धाकटीला कंप्युटरवर बसायला सांगितलं. कंपनीला पत्र पाठवायचं होतं. थोरली शेजारी उभी राहिली, एकही शब्द धाकटीने स्वतःच्या मनचा घालू नये म्हणून. आप्पांनी घसा साफ केला. डाव्या आणि उजव्या, दोन्ही काउंटरना सारखं ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मजकूर सांगितला:

“विषय, यंत्राच्या वागणुकीबाबत. महोदय, आपल्याकडून घेतलेले यंत्र कामाला चोख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तथापि ते आमचे बोलणे पुरे होण्याआधी बोलते. या गल्ल्यावर वडीलधाऱ्या माणसाने आधी बोलावे व इतरांनी नंतर, असा शिरस्ता आहे आणि तो दोन्ही मुलांना आजवर लागू आहे. तरी आम्ही माल, नग व भाव उच्चारून संपवेपर्यंत गप्प राहावे, अशी लेखी समज सदर यंत्रास आपल्या स्तरावरून देण्यात यावी, व दिलेल्या समजेची एक प्रत आमच्याकडे पाठवावी. यंत्र वयाने लहान असल्याने या खेपेस शिक्षेचा आग्रह नाही.”